श्यामरावांनी घासलेला राजा

शहापूरच्या अलीकडच्या त्या गावात श्यामरावांना ओळखणं सोपं आहे. ज्याच्या तोंडून दर तिसऱ्या वाक्याला "आमचे पणजोबा मालगुजार", म्हणजे इंग्रजांच्या काळचे गावाचे जमीनदार, असं निघतं, तेच ते. पणजोबा खरंच मालगुजार होते की मालगुजाराचे बैल राखत होते, यावर गावात दोन मतं आहेत. त्यातलं पहिलं मत एकट्या श्यामरावांचं.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दंडारीचं लोकनाट्य सुरू होण्याआधी मंचावर नारळ फोडायचा मान गावातल्याच दादाजी नावाच्या शेतकऱ्याच्या घराण्याकडे. हा नारळ वीस वर्षं श्यामरावांच्या डोळ्यात कुसळासारखा सलत आलाय. धानाकडे बायको शकुनबाई बघते, बैलांकडे गडी बघतो, हे नारळाकडे बघतात.

यंदा उन्हाळ्यात तळ्याखालची बांधी, म्हणजे धानाचं शेत, सपाट करताना ट्रॅक्टरच्या फाळाला मडकं लागलं. खापऱ्या उडाल्या आणि मातीतून अकरा नाणी निघाली; हिरवी, फुगलेली, बुरशी चढलेल्या गुळाच्या खड्यांसारखी. तरी उन्हात तिरपी धरली की अक्षरं दिसत.

"राजानं आमच्या पणजोबाले देल्ली," श्यामरावांनी उभ्या उभ्या ठरवलं. सांजेपर्यंत गावभर डांगोरा पिटून झाला, की मंडईत पुरावा दाखवतो, मग नारळ कोणाचा ते बोला.

दादाजी शांतपणे म्हणाला, "दाखव ना. राजाचं नाव वाचता आलं तं नारळ तुलेच."

दिवाळीला जावई आला. हेमराज जवाहरनगरच्या कारखान्यात, धातूंत मुरलेला. त्यानं एक नाणं भिंगाखाली बराच वेळ धरलं.

"मामाजी, हे घासू नोका."

"काहून? असं हिरवं शेवाळ घेऊन मंडईत जाऊ?"

"बांधीत चार महिने पाणी, मंग भेगा, वरून युरिया. आतलं तांबं मातीनं केव्हाचंच खाल्लं. दर साली चिखलणीत रेतीनं घासलं ते वेगळंच. आता अक्षरं या हिरव्या पापुद्र्यातच उरली. तो गेला का सारंच गेलं."

"जवाईबापू, तुम्ही कारखाना पाहा. तांबं आमच्या घरी सात पिढ्या हाय."

सात पिढ्यांचं तांबं म्हणजे देवाचा एक गडवा, तोही पोचा आलेला. पण तो दर सणाला चिंच आणि राखेनं लखलखतो, आणि श्यामरावांची विद्या तिथंच संपते. मंडईच्या सकाळी ते नाणी, चिंच आणि राख घेऊन मोरीवर बसले.

"जवाई काय बोलला होता?" शकुनबाईनं दारातून विचारलं.

"मळ हाय हा. दोनशे वर्साचा. मालगुजाराची वस्तू मळकी दाखवू काय?"

हिरवं पाणी मोरीतून वाहत गेलं. एक नाणं बोटांत पापडासारखं मोडलं. ते खोटं असणार, असा निकाल श्यामरावांनी दिला. उरलेली दहा गुलाबी झाली, चमकली. अक्षरं आहेत का, हे बघायचं त्यांना सुचलं नाही. थोर घराण्यात वाचायचं काम दुसऱ्यांकडे असतं.

संध्याकाळी मंचावर लाल कापडाचं ताट आलं. दादाजीनं चष्मा लावला. एकेक नाणं उचलून दोन्ही बाजू पाहिल्या. दहाही झाली.

"श्यामराव, राजा कुठी हाय?"

"पाहा ना नीट, वरच असन."

भैय्यालाल मिस्त्री पुढे वाकला. "मोटारपंपाचे वायसर दिसून राहिले," तो अगदी मनापासून म्हणाला.

बायांच्या घोळक्यातून शकुनबाईचा आवाज आला, "राजा सकाळीच मोरीतून गेला, भाऊजी. हिरव्या पाण्यासंगं. मी वाट देल्ली त्याले."

मंडई इतकी हसली, की दंडारीतला गमत्या आत बसून रुसला; त्याच्या वाटणीचं हसू कोणी शिल्लक ठेवलं नव्हतं.

नारळ दादाजीनंच फोडला. परसादाचा तुकडा श्यामरावांच्याही हातावर पडला. तो त्यांनी चावला, तोंड वाकडं केलं आणि शेजाऱ्याला सांगितलं, "खवट हाय. आमच्या पणजोबाच्या वक्ती असा नारळ कोणी फोडत नव्हतं."