मित्राच्या वडिलांची गादी

आमच्या मामाने चाळीस वर्षं गाद्या भरल्या. गावात ज्यांची पाठ दुखत नाही ते त्याच्यामुळे, आणि ज्यांची दुखते त्यांनी फोम घेतला असणार, एवढंच त्याचं वैद्यकशास्त्र. दुकान म्हणजे एक खोली, खोलीत छातीएवढा कापूस आणि त्या कापसात कुठेतरी मामा. आत गेलं की आधी शिंक ऐकू यायची, मग माणूस दिसायचा.

गिऱ्हाईक ओळखायची त्याची एक रीत होती. आलेला माणूस गादी हाताने दाबून बघायला लागला की मामा माझ्या कानाशी लागायचा, "दुसऱ्यासाठी घेतोय. पाहुण्यांसाठी, नाहीतर भाडेकरूसाठी." आणि कुणी चपला काढून सरळ आडवाच झाला की मामाचा चेहरा खुलायचा. "हा स्वतःसाठी. दुसऱ्याची गादी माणूस हाताने बघतो रे, स्वतःची पाठीने."

त्याने लग्न केलं नाही. का, विचारलं तर म्हणायचा, "लोकांच्या डबल गाद्या भरता भरता राहूनच गेलं." माझे वडील गेले तेव्हा तो आपली ट्रंक घेऊन बहिणीकडे, म्हणजे आमच्याकडे राहायला आला. माझी फी, माझे बूट, माझी सायकल, सगळं त्या कापसातून निघालं. हे मी कुणाला सांगत नसे. आता सांगतोय, तेही वेळ निघून गेल्यावर.

गेल्या वर्षी त्याच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. चालता येई, पण डावा पाय मागून यायचा, शाळेला निघालेल्या हट्टी पोरासारखा. दुकान बंद झालं. मग काही महिन्यांनी सकाळी सकाळी खोलीत वास यायला लागला. मामा गादी सोडून उठेनाच. उजव्या हाताने अर्धी गादी कशीबशी दुमडायचा आणि ओल्या भागावर बसून पेपर वाचायचा. ज्याने सगळ्या गावाला गाद्या उन्हात टाकायची शिस्त लावली, तो दहा वाजेपर्यंत ओल्यावर बसून हवामानाचा अंदाज वाचत होता.

तेव्हा मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो. "मामा, मागच्या बाजूला टाकतो मी ती. पुढे नको, लोक बघतात."

"बरोबर आहे," मामा म्हणाला.

मागच्या बाजूला तासभर ऊन यायचं, तेही तिरकं. आणि त्या दिवसापासून मामाने दुपारी चारनंतर पाणी प्यायचं सोडलं. ते माझ्या लक्षात आलं होतं. मी त्याला सोय समजलो.

मग त्याला उठवताना आईचा पाय सरकला आणि तिचं मनगट मोडलं. सांभाळायला एक माणूस ठेवला, तो मामापेक्षा जास्त झोपायचा. दुसरा दोन दिवसांत पळाला. डॉक्टर म्हणाले, घरी होणार नाही, म्हाताऱ्यांना सांभाळणारी चांगली जागा बघा. आई प्लास्टरमधला हात पोटाशी धरून म्हणाली, "तूच सांग दादाला. मी बहीण आहे, माझ्या तोंडून नको."

मी भाचा. माझ्याही तोंडून निघेना.

मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून आहे. आमच्याकडे गोष्ट तक्त्यात बसली की सुटली असं धरतात, मग नळाला पाणी येवो न येवो. मी तक्ता केला. गावातल्या तीन जागा, पुढे रकाने: स्वच्छता, कर्मचारी, जेवण, डॉक्टरची सोय, दर्शनी भाग. प्रत्येकाला दहापैकी गुण. आणि मामाला सांगितलं, "ऑफिसातल्या एका मित्राच्या वडिलांसाठी जागा बघायचीय. तू चल बरोबर. गाद्यांचं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. तो आरशासमोर जाऊन उभा राहिला. एका हाताने दाढी केली, दोन ठिकाणी कापलं. इस्त्रीचा शर्ट घातला आणि ट्रंकेतून आपलं गाद्या शिवायचं दाभण काढून खिशाला खोचलं. वर्षभरात पहिल्यांदा त्याला कुणी कामाला बोलावलं होतं.

पहिली जागा चकचकीत. दारात कुंड्या, हॉलमध्ये भिंतीएवढा टीव्ही, टाय लावलेला मॅनेजर. मी स्वच्छतेला नऊ दिले. मामाने एका रिकाम्या पलंगाची चादर उचलली, खाली रेक्झिन. त्याने ते बोटाने दाबलं, करकर वाजलं.

"कूस बदलली की सगळी खोली जागी होणार," तो म्हणाला. "उलटता कधी या गाद्या?"

"सर, आमच्या गाद्या इम्पोर्टेड आहेत."

"असू दे. झोपणारा इथलाच आहे ना? आणि ओल्या झाल्या की वाळत कुठे घालता?"

मॅनेजर हसला. "आमच्याकडे तसले प्रकार होत नाहीत."

बाहेर येऊन मामा रिक्षात बसला. मग म्हणाला, "चाळीस म्हातारे आणि एकही ओला नाही? पाणीच देत नसणार त्यांना. सूर्य कलला की पेला काढून घेत असतील."

मी रिक्षावाल्याला उगाचच रस्ता सांगायला लागलो. रस्ता एकच होता.

दुसरी जागा एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. डॉक्टरच्या सोयीला दहापैकी दहा. मामा जिना चढला, दर पायरीला मला शिव्या घालत. वर जाऊन त्याने चार-पाच गाद्यांवरून तळहात फिरवला.

"सगळ्या कडेला दबल्यात."

"म्हणजे?"

"म्हणजे दिवसभर कडेवर बसून दाराकडे बघतात. मधोमध दबली असती तर म्हटलं असतं, निवांत लोळतात."

खिडकीतून खाली डोकावून त्याने मला बोलावलं. मागच्या बोळात, जनरेटरच्या आड, तीन गाद्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. ऊन नाही, वारा नाही.

"मागे वाळवतात," मामा म्हणाला. "म्हणजे इथे ओलं केलं की बोलणी बसतात. एकदा लपवायची गोष्ट झाली की माणूस त्यावरच बसून राहतो."

तो जनरेटरकडे बघत होता. मी माझ्या बुटांकडे.

तिसरी जागा एका निवृत्त सिस्टरबाईंची, बंद पडलेल्या छापखान्यात. रंग उडालेला, फाटक कुरकुरणारं. आणि अगदी रस्त्यावरच्या कठड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकासमोर, दोन गाद्या उन्हात पसरलेल्या. मी रिक्षातूनच दर्शनी भागाला दोन गुण देऊन टाकले.

मामा मात्र कठड्यापाशी थांबला आणि एका गादीवर तळवा टेकवला.

"काका, हात नका लावू, ओली आहे अजून!" आतून सिस्टरबाई ओरडल्या.

"म्हणूनच लावतोय. कुणाची?"

"एक हेडमास्तरांची, एक माझ्या सासूची."

"निळी माझी!" व्हरांड्यातून एक म्हातारा ओरडला, वर्गात पहिला आल्यासारखा. शेजारची आजी म्हणाली, "रोज यांचाच पहिला नंबर." दोघंही हसले.

मामाने आत जाऊन सगळं बघितलं. खोळी, उशा, टाके. "टाके वाकडे आहेत," तो सिस्टरबाईंना म्हणाला, "पण वेळच्या वेळी घातलेत."

"मीच घालते. येत नाही मला."

"ते दिसतंय."

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मामाने निकाल दिला. "मित्राला सांग, बापाला इथे ठेव. डोळे मिटून."

मी मान हलवली.

"बाप ओलं करतो का त्याचा?"

"कधीकधी."

"आणि हा गादी कुठे टाकतो?"

मी खिशातल्या तक्त्याची घडी आणखी लहान केली. "मागे."

"सांग त्याला, पुढे टाकत जा. कापूसच आहे, वाळतो." मग कठड्याकडे बघत, "आणि बापाला एकदा आणून दाखव म्हणावं. मुलगा हाताने बघून जाईल. झोपायचं बापाला आहे."

"मामा, मित्र नाही."

"गेला?"

"गेला नाही. नव्हताच कुणी."

मामाला समजायला वेळ लागला. त्याने खिशाचं दाभण काढलं, उलटसुलट बघितलं, परत खोचलं. कान लाल झाले होते. मला वाटलं आता चार लोकांत शिव्या देईल, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो गालावरच्या कापलेल्या जागी बोट लावून एवढंच म्हणाला, "दाढी करून आलो रे मी."

मी कधी परीक्षेत नापास झालो नाही. तरी त्या बाकावर मला बाकावर उभं केल्यासारखं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने तो काठी टेकून उठला. "चल आत."

"आत्ता बघितलं ना सगळं?"

"माझ्यासाठी कुठे बघितलं?"

खिडकीजवळच्या रिकाम्या पलंगापाशी जाऊन त्याने चपला काढल्या. उजवी त्याने, डावी मी. मग तो आडवा झाला आणि छताकडे बघत राहिला. सिस्टरबाई आणि मी दोन बाजूंना उभे, गिऱ्हाईक काय म्हणतंय याची वाट बघत.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"गप्प बस. पाठ विचार करतेय."

व्हरांड्यात हेडमास्तर कुणाला तरी पेपर वाचून दाखवत होते. मामाने ते ऐकलं. मग सिस्टरबाईंना म्हणाला, "डावीकडे कापूस कमी आहे. माझी डावी बाजूच वाईट. भरून घेईन मी. आणि मला पाणी लागतं. संध्याकाळीसुद्धा."

"हवं तेवढं प्या. कठडा लांब आहे आमचा."

"तुझा तो कागद काढ," मामा मला म्हणाला. त्याला तक्ता माहीत होता, सकाळपासून मी तो घडी करून लपवत होतो तरी. वर मी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'कोणासाठी: मित्राचे वडील'. खोटं पाठ व्हावं म्हणून.

"खोड."

मी खोडलं आणि त्याच्यासमोर 'मामा' लिहिलं. अक्षर छान आलं. याचीही लाज वाटली.

तो तिकडे राहायला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्याची घरातली गादी पुढच्या कठड्यावर टाकली. दिवसभर कडक ऊन होतं. समोरच्या काकूंनी विचारलं, "कुणाची रे?" मी मोठ्याने सांगितलं, "मामाची." आता सांगायला काय जातंय? गादी कोरडीच होती.

दर रविवारी मी जातो. फाटक कुरकुरलं की मामा आतून ओरडतो, "या, या! मित्राचे वडील मजेत आहेत!" हेडमास्तर हसतात, सिस्टरबाई हसतात, हसू आवरत नाही म्हणून मीही हसतो. मग त्याच्या पलंगावर टेकतो.

"कडेला बसू नकोस," मामा म्हणतो, "गादी दबते."