मडगार्डवरचे अक्रोड

गेरनोट झाप्फ गाड्यांना अक्रोड खाऊ घालतो, असं आमच्या गावात गेली दोन वर्षं बोललं जातंय. पावाच्या दुकानात ऐकलंत तर तो बॉनेट उघडून गाडीला एकेक अक्रोड भरवतो आणि मग तिथंच डोकं टेकून उभ्या उभ्या झोपतो. हीच गोष्ट चर्चच्या पायऱ्यांशी पोचते तेव्हा तो घोरायलाही लागलेला असतो. यातलं निम्मं मीच पसरवलंय, तेव्हा दुरुस्त करणंही माझ्याच अंगावर येतं.

तर खरं असं. इंजिन ज्या वाटांनी हवा आत ओढतं, त्या वाटांवर वर्षानुवर्षं काजळीचे थर चढतात. डांबरासारखे काळे, कडक. मग गाडी सकाळी थरथरते आणि चढावर खोकते. ही काजळी काढायला गेरनोट अक्रोडाच्या कवचाचा भरडा जोरदार हवेनं आत फुंकतो. कवच काजळी खरवडतं, पण धातूला ओरखडा काढत नाही. भरडा पोत्यातून विकत येतो, गेरनोटच्या अंगणातल्या अक्रोडाच्या झाडाचा त्याच्याशी काही संबंध नाही. आणि तो झोपत नाही. डोळे मिटून ऐकतो. काजळी आहे तोवर आत घोगरा आवाज येतो, ती सुटली की पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा.

हे मी छातीठोक सांगते, कारण त्याच्या गॅरेजात कॉम्प्रेसरशेजारी माझी एक खुर्ची आहे. आम्ही एका वर्गातले. गणिताच्या तासाला तो खिडकीबाहेर कुठंतरी असायचा आणि मी त्याला मागून चुकीची उत्तरं सांगायचे. आता दोघंही छप्पन्नचे आहोत आणि फारसं काही बदललेलं नाही.

पण त्या खिडकीबाहेर जाण्यानं मागच्या वसंतात त्याला गोत्यात आणलं. हवेच्या त्या वाटांची इंजिनाशी चार तोंडं असतात; एकाचं काम चालू असताना बाकीच्या तोंडांत धूळ जाऊ नये म्हणून तो कापडाचे बोळे कोंबून ठेवतो. पाववाल्या बाईच्या गाडीत एक बोळा तसाच राहिला. गाडी गुदमरली आणि ऐन चौकात बंद पडली. त्या दिवशी त्याची थोरली बहीण रोझविथा गॅरेजात आली. जागा तिच्या नावावर आहे.

"आता आणखी एक चूक झाली, गेरनोट," ती म्हणाली, "की किल्ली माझ्या हातात द्यायची. मी इथं अंड्यांचं यंत्र लावते. नाणं टाकलं की अंडी. ते तरी काही विसरत नाही."

ऐकायला टोमणा होता, पण त्यामागं भीती होती. त्यांचे वडील लोहार. साठीच्या आधीच त्यांना विसर पडायला लागला. कधीच्या विकलेल्या घोड्यांची वाट पाहत ते हातोडा घेऊन दारात उभे राहायचे. रोझविथाला भावाच्या प्रत्येक तंद्रीत ते दार दिसतं.

गेरनोटनं त्यावर उपाय काढला. रोज सकाळी अंगणातल्या झाडाचे मोजून चार अक्रोड आणायचे आणि डब्यात ठेवायचे. इंजिनाचं एक तोंड साफ झालं, की मडगार्डवर अंथरलेल्या फडक्यावर एक अक्रोड. चार झाले की काम झालं. "डोक्याचं काही सांगता येत नाही," तो म्हणायचा, "अक्रोड मात्र जागचा हलत नाही."

ऑक्टोबरातला गुरुवार होता. गाडी सुईण आनेग्रेटची. मी प्लमचा केक घेऊन गेले होते. खिडकीतून ऊन तिरपं आत येत होतं आणि भरड्याची बारीक धूळ त्यात तरंगत होती, खाली बसायची तिला घाईच नव्हती. कॉम्प्रेसर घुमत होता. गेरनोटचे डोळे मिटलेले, हातातली वाकडी नळी हळूहळू फिरतेय, तोंडानं काहीतरी गुणगुणतोय. पहिलं तोंड झालं, पहिला अक्रोड. दुसरं झालं, दुसरा. मोठ्या पान्यानं इंजिन जरासं फिरवून भरडा आत खोल जाऊ नये म्हणून त्यानं पुढचे व्हॉल्व्ह बंद करून घेतले, तिसऱ्या तोंडातला बोळा काढला आणि मला बोलावलं.

"ये, बघ."

मी दिव्याच्या उजेडात आत डोकावले. काळे सुळके लोंबत होते, खाली काळ्या गाठी उभ्या होत्या.

"शाळेतून गुहेत नेलं होतं आपल्याला, आठवतं?" तो म्हणाला. "छतातून दगडाचं पाणी ठिबकत होतं."

"तू हरवला होतास, ते आठवतं."

"हरवलो नव्हतो. थांबलो होतो."

इतक्यात मागच्या खोलीत फोन वाजला. रोझविथाच असणार, दुपारी दुसरं कोण. तिसऱ्या तोंडात बोळा परत कोंबून तो आत गेला आणि मी खुर्चीत येऊन बसले. ती धूळ, ते ऊन. गुहेतला गारवा अंगावर आल्यासारखं झालं, पन्नास मुलं रांगेत, शिक्षिकेच्या हातात कंदील, मागं कुठंतरी थांबलेला एक मुलगा. दोन अक्रोड तळहातात धरून दाबले की एक फुटतो, हे माझ्या हातांना माहीत आहे, मला विचारावं लागत नाही. नवा अक्रोड होता, दुधाळ, गोड. उरलेला मी फडक्यावर ठेवून दिला.

गेरनोट परत आला. फडक्याकडे पाहिलं. एक अक्रोड. त्यानं दुसऱ्या तोंडातला बोळा काढला, दिवा धरला आणि आत पाहिलं.

"ट्राउडल, हे स्वच्छ आहे."

"मग बरंच की."

"पण मी केलंच नाही हे." त्यानं पुन्हा आत पाहिलं. "म्हणजे केलं असणार. मला आठवत नाहीये."

दिवा विझवून तो उलट्या खोक्यावर बसला. चेहरा राखेसारखा. "बाबांचंही असंच सुरू झालं होतं. आधी हातांनी काम करायचं आणि मग डोक्यानं विचारायचं, हे कुणी केलं." त्यानं खिळ्यावरची किल्ली काढून मांडीवर ठेवली. "रोझविथा चारला येतेय. देऊन टाकतो. कुणाची गाडी घाटात बंद पडण्याआधी."

तोंडात अजून अक्रोडाची चव होती. मी मूठ उघडून त्याच्यापुढं धरली.

"मी खाल्ला."

त्यानं कवचाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कवचाकडे. दोन अर्धुकं उचलून एकमेकांवर बसवली, गाडीचा एखादा सुटा भाग बसतोय का पाहावं तशी. बरोबर बसली.

"कधी?"

"तू फोनवर होतास तेव्हा."

"म्हणजे दुसरं झालं होतं."

"झालं होतं. मी समोर बसले होते. गुणगुणत होतास."

"काय?"

"तेच. तुला धड येत नाही ते."

तो हसला नाही, पण खांदे खाली आले. किल्ली पुन्हा खिळ्यावर गेली. रिकामं कवच त्यानं जोडून फडक्यावर ठेवलं, पहिल्या अक्रोडाशेजारी. "आता हात मांडीखाली घे," तो मला म्हणाला, "आणि चार होईपर्यंत काढू नकोस." मी शाळेतल्यासारखी हातांवर बसून राहिले. आवाज दोनदा घोगऱ्याचा बारीक झाला. त्यानं बोळे मोजले, नवी पॅकिंग लावून सगळं जोडलं.

रोझविथा चारच्या ठोक्याला आली. गेरनोटनं गाडी चालू केली आणि इंजिनाच्या झाकणावर चारही अक्रोड ओळीनं मांडले. सकाळी या गाडीवर पाण्याचा पेला ठेवला असता तर सांडला असता. आता एकही हलला नाही, हलकं रिकामं कवचसुद्धा उघडलं नाही. आनेग्रेटची गाडी झोपलेल्या बाळासारखी श्वास घेत होती.

रोझविथा कान देऊन ऐकत राहिली. तिला खोड काढता येईना. मग तिनं मोजायला एकेक अक्रोड उचलला. चौथा तिच्या बोटांत उघडला, आत काही नाही.

"हा रिकामा आहे," ती म्हणाली आणि तिचा हात किल्लीसाठी आपोआप पुढं झाला. "म्हणजे आजही चूक झालीच ना?"

मी हात मांडीखालून काढले, पण बोलायची पाळी माझी नव्हती. गेरनोट फडक्याला हात पुसत म्हणाला, "झाली. पण ती माझ्या डोक्यात नाही, हिच्या पोटात आहे."