कर्त्याचा रकाना

बोईसरच्या कारखान्यातल्या आमच्या ग्रंथालयात आज जुनं कपाट उघडलं आणि डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला. त्या वासासरशी मी पालघरच्या त्या कोंदट खोलीत जाऊन बसले.

ग्रंथपालांचं प्रशिक्षण होतं. सकाळी उद्योगांना माहिती कशी पुरवायची ते झालं, दुपारी हस्तलिखितांची नोंद. जीर्ण पानं उडतील म्हणून पंखे बंद, दारही बंद. घामाने ब्लाउज पाठीला चिकटला होता. सरावासाठी सातपाटीची एक म्हातारी कोळीण सासऱ्यांची वही घेऊन आली होती. वारा, भरती, मासळीच्या जागा, सगळं त्यांनी हाताने लिहिलेलं. स्वतःचं नाव मात्र कुठेच नाही.

“सासऱ्यांचं नाव काय?” मी विचारलं.

तिने पदर तोंडाशी धरला. “सासऱ्याचं नाव कसं घेऊ, बाय? भायेर माजी ननंद हाय, ती सांगंल.”

मी शिकवणाऱ्या सरांकडे पाहिलं. “दार उघडायचं नाही,” ते म्हणाले. “नाव नसलं की कर्त्याच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहायचं.”

मी लिहिलं. वळणदार अक्षरात.

वही गुंडाळत म्हातारीने विचारलं, “ननंदंला इचारून लिवशील ना?”

“हो,” मी म्हणाले.

ती बाहेर पडली तेव्हा दाराच्या फटीतून बाकावरची नणंद मला दिसलीसुद्धा. मग दार लोटलं गेलं.

इतकी वर्षं मी सांगत आले, की त्या दिवशी मी नियमात अडकले होते. पण माझी खुर्ची दारापासून दोन पावलांवर होती, आणि कडी कुणीच लावली नव्हती.