निळ्या गेटसमोरची अकरा कुटुंबं

सर्व्हेचा निकाल शून्य आला होता. शिरूर तालुक्यातल्या भीमेकाठच्या एका गावात घराची गरज असलेलं एकही कुटुंब नाही, असं टॅबवर हिरव्या अक्षरांत दिसत होतं. आमचे डायरेक्टर सर खूश होते.

"मॅडम, हे गाव सॅच्युरेटेड आहे," ते म्हणाले.

सॅच्युरेटेड म्हणजे जिथं घरकुल द्यायला आता कुणी उरलेलंच नाही, असं गाव. कागदावर मी अशी बरीच गावं पाहिली आहेत. प्रत्यक्षात अजून एकही पाहिलेलं नाही, पण मी फक्त तीस वर्षं नोकरी केली, त्यामुळे छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

गावाचं नाव मुद्दाम देत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. कारण पुढे कळेल.

नगररचना खात्यातून निवृत्त झाल्यावर मी पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत काम धरलं. कंपनीकडे शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचं मागणी सर्वेक्षण होतं. कमी उत्पन्नाच्या किती कुटुंबांना घर लागेल, कुठं लागेल, कसं लागेल, हे दारोदार जाऊन विचारायचं आणि त्यावरून आराखडा करायचा. आपण जो आकडा लिहू त्यावर पुढे घरं मंजूर होतात. शून्य लिहिलं की शून्य घरं. एकदा यादी बंद झाली की ती परत कधी उघडेल ते सांगता येत नाही. मागच्या वेळचे काही अर्जदार वाट बघता बघता वारले.

सरांना त्या गावाला जाहीर कार्यक्रमात प्रमाणपत्र द्यायचं होतं. फ्लेक्सचं डिझाइन त्यांनी मला व्हॉट्सअॅपवर पाठवलंही होतं. त्यात मान्यवरांचे आठ चेहरे होते आणि उजव्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढं, एक घर.

मला शून्य पटत नव्हतं. वडगाव रासाईकडे जाताना मी त्या गावावरून गेले होते. गावठाणाच्या कडेला पत्र्याच्या खोल्या होत्या. काहींच्या भिंती पाचटाच्या होत्या, काहींच्या जुन्या फ्लेक्सच्या. हे सगळे लोक एकाएकी सुखी झाले असतील तर चांगलंच, पण बघून घ्यावं म्हणून मी सर्व्हेचे फोटो उघडले.

अॅपमध्ये प्रत्येक कुटुंबाचा घरासमोर उभं राहून फोटो घ्यावा लागतो. तिसऱ्या फोटोत एक कुटुंब निळ्या लोखंडी गेटपुढं उभं होतं. मागे टाइल्स लावलेली भिंत, कुंडीत जास्वंद. पाचव्या फोटोत माणसं वेगळी आणि गेट तेच. नवव्या फोटोतही तेच. मी मोजत गेले. त्या एका गेटसमोर अकरा कुटुंबांनी फोटो काढले होते. पुरुषांचे केस पाणी लावून बसवलेले, बायका पदर सावरून. गेटपाशी एक तांबडं कुत्रं झोपलं होतं. माणसं बदलत होती, पण कुत्र्याला कुणी उठवलं नव्हतं.

फोटोबरोबर जागेची नोंद आपोआप होते. त्याला जिओ-टॅग म्हणतात. अकराही नोंदी एकाच गल्लीत, चार पावलांच्या अंतरात होत्या. अॅपला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्याला प्रत्येक फोटोत एक घर आणि एक कुटुंब मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात पोचले. सर्व्हे करणारी संगीता त्याच गावची सून, बचत गटाची सचिव. कामाला चोख. मी टॅब तिच्यापुढं धरला.

"हे गेट कुणाचं?"

"नानांचं."

"आणि ही माणसं?"

"गावचीच हाईत, मॅडम."

"नानांच्या घरात राहतात?"

तिनं बोटानं फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाली, "अॅपला फोटो पायजे हुता. घर कुणाचं ते अॅप इचारत न्हाई."

अॅपचे प्रश्न मीच काढले होते.

मला संशय आला नानांचा. नाना म्हणजे गावातले मोठे बागायतदार. गरिबांची नावं यादीतून गाळून त्यांचा काहीतरी फायदा होत असणार, असं मी वाटेतच ठरवून टाकलं. खात्यातली सवय. नाना ओट्यावर ऊसतोडीच्या टोळीची वाट बघत बसले होते. फोटो पाहून ते हसायला लागले.

"माझं गेट लईच गाजलं म्हणायचं, बाई."

"तुम्ही उभं राहू दिलंत?"

"न्हाई कसं म्हणणार? दारात येऊन म्हणाले, नाना, फोटोपुरतं. फोटोनं काय भिंत झिजती व्हय?"

"पण का?"

नाना गंभीर झाले. "पोरांची लग्नं ठरंनात. पोरगीवाले येत्यात, आधी घर बघत्यात, मग पोरगा. मागच्या खेपेला घरकुलाची यादी नावासकट पंचायतीच्या भिंतीवर रंगवली. बेघर म्हणून अमका, बेघर म्हणून तमका. एका पोरीचा चुलता रस्ता इचारायला पंचायतीपाशी थांबला आन् भिंत वाचत बसला. तसाच माघारी गेला. तवापासनं गाव शहाणं झालं. सर्व्हेवाल्याला कुणी घर न्हाई म्हणून सांगत न्हाई. सांगितलं की भिंतीवर जातं."

आता कबुली द्यायला हवी. यादी नावानिशी भिंतीवर लावावी, ही शिफारस करणाऱ्या एका समितीत मी होते. पारदर्शकता हा तेव्हा आमचा आवडता शब्द होता. बैठकीनंतर आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं होतं. ती भिंत सोयरेही वाचतील, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमची सगळ्यांची लग्नं झालेली होती.

संगीता मला हौसाबाईंकडे घेऊन गेली. पाचव्या फोटोतल्या त्याच. वय पन्नाशीचं, नवरा गेलेला, दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायच्या. मुलगा दत्ता कुरकुंभच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार, शिफ्टची ड्युटी. गावठाणातली जागा सासऱ्यांच्या नावावरची, त्यावर पत्र्याची एक खोली. न्हाणीघर म्हणजे तीन बाजूंना बांधलेल्या साड्या. दत्ता नाइट करून आला की दिवसा त्या पत्र्याखाली झोपायचा. उन्हाळ्यात आई बाहेरून पत्र्यावर पाणी मारायची.

"मावशी, तुम्हाला घर मिळू शकतं. पण यादीत नाव पाहिजे."

"ठावं हाय."

"मग नको का म्हणालात?"

"दत्ताचं जुळत आलंय, बाई. पोरगी बी कुरकुंभलाच हाय कामाला, पॅकिंगमधी. पोरगी चांगली हाय. ती लोकं एकदा येऊन गेली."

"त्यांनी घर बघितलं?"

"नानांच्या ओट्यावर बसवलं हुतं," त्या खाली बघत म्हणाल्या. "आमचं हाय असं मी न्हाई म्हणाले. त्यांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई." मग म्हणाल्या, "घर व्हायला दोन वरसं लागत्याल. तवर पोरगी थांबती का? आन् आता घर न्हाई म्हटलं तर पोरगी बी न्हाई. तुमीच सांगा कसं करू."

मी विचारलं, पोरगी कुठली.

"दौंडची. बाप रेल्वेत हाईत, रुळावर काम. सोताचं घर हाय म्हणत्यात, तीन खोल्या, वर स्लॅब."

त्यांनी नाव सांगितलं आणि मला त्या माणसाचा चेहरा आठवला.

सर्व्हे सुरू होण्यापूर्वी मी स्वतः दौंडला काही घरं केली होती. प्रश्न नीट कळतात का हे तपासण्यासाठी अशी थोडी घरं आधी करतात. रेल्वे क्वार्टर्समध्ये मी या गृहस्थांच्या समोर बसून फॉर्म भरला होता. ते म्हणाले होते, "रिटायरमेंट जवळ आली मॅडम. क्वार्टर सोडावं लागणार. गावाकडं काही नाही, दौंडात काही नाही. लिहा, घराची गरज आहे." सही करताना त्यांनी विचारलं होतं, "हे कुणाला कळणार नाही ना? मुलीचं बघतोय." मी म्हणाले होते, "फॉर्म माझ्यापाशीच राहतो."

म्हणजे दोन्ही व्याही एकमेकांना नसलेली घरं दाखवत होते, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं. एका वाक्यात हौसाबाईंची भीती गेली असती. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण ते सांगायला त्या माणसानं मला माहिती दिली नव्हती. नुसतं सूचक हसले असते तरी तो फॉर्म फोडल्यासारखाच होता. हौसाबाईंनी चहा दिला. मी तो प्यायले आणि म्हणाले, "पंधरा दिवसांनी ग्रामसभा आहे. यादी पक्की व्हायच्या आधीची शेवटची. तिथं नाव घेता येईल. पण ते मोठ्यानं वाचलं जाईल."

"नाव न घेता न्हाई का व्हायचं?"

"विचारते."

विचारलं. नावाऐवजी फॉर्मचा नंबर वाचू द्या, असं पंचायत समितीच्या साहेबांना लिहून दिलं. उत्तर आलं की नियमात नाव आहे. नियम कुणाच्या शिफारशीवरून आला ते मी त्यांना सांगितलं नाही.

सरांना फोन केला.

"मॅडम, पाहुण्यांची तारीख मिळालीय. एका कुत्र्यावरून तुम्ही रिपोर्ट बदलणार?"

"कुत्रं एकच आहे, सर. घरही एकच आहे."

"लोकांनी स्वतः सह्या केल्यात. सेल्फ-डिक्लरेशन आहे. आपली काय जबाबदारी?"

"उद्या कुणी ते फोटो ओळीनं लावून पेपरात छापले तर खाली आपलं नाव असेल."

नैतिक मुद्द्यांपेक्षा हा मुद्दा त्यांना लवकर कळला. कार्यक्रम पुढे ढकलला.

हौसाबाईंचा निरोप दोन दिवसांनी संगीताच्या फोनवरून आला. "भिंतीवर वाचून कळण्यापरीस आमच्या तोंडानं कळलेलं बरं. दत्ताला दौंडला धाडते."

दत्ता फर्स्ट शिफ्ट संपवून, कंपनीच्या कपड्यांतच गेला. पत्र्याची खोली आहे, नानांचा ओटा आमचा नाही, घरकुलाला नाव देतोय, असं सगळं सांगून आला. मुलीच्या वडिलांनी ऐकून घेतलं, चहा दिला, "बघू" म्हणाले. तीन खोल्यांचं घर मात्र दत्ताला बघायला मिळालं नाही. "त्यांच्या तात्पुरत्या क्वार्टरला" गेलो होतो एवढंच म्हणाला. घराचं रंगकाम चालू आहे, असं त्याला सांगण्यात आलं होतं.

ग्रामसभेला मी मागे बसले. ग्रामसेवकांनी वाचून दाखवलं की गावात गरजू कुटुंब नाही, कुणाची हरकत आहे का. हौसाबाई उठल्या.

"माझी हाय. पत्र्याची एक खोली. न्हाणी न्हाई. नाव लिवा."

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशे, मग निळं गेट कुणाचं?"

"नानाचं. तुझ्या फोटुतलं बी नानाचंच हाय."

सभा हसली. नानाही हसले. त्यानंतर मात्र कुणी उठलं नाही. मला वाटलं होतं, एक उठलं की सगळे उठतील. भाषणांत तसं होतं. प्रत्यक्षात पुढच्या दोन दिवसांत सहा जण पंचायतीच्या मागच्या दारानं एकेकटे आले, आजूबाजूला बघून फॉर्म मागितला. उरलेले चार आले नाहीत. त्यांच्या घरी बोलणी चालू होती.

आठ दिवसांनी मध्यस्थाकडून निरोप आला. मुलीला पुढं शिकायचंय. तिचं पॅकिंगचं काम चालूच होतं.

हौसाबाईंचं नाव यादीत लागलं, घर मंजूर झालं. दौंडच्या यादीत त्या गृहस्थांचंही नाव आहे; शहराची यादी भिंतीवर लागत नाही. आमच्या रिपोर्टमध्ये दोन्ही कुटुंबं एकाच रकान्यात येतात, फक्त पानं वेगळी. सर्व्हेच्या सूचनांत आम्ही दोन बदल केले. फोटो आता घराच्या आतून घ्यायचा, चूल दिसेल असा. आणि फॉर्म भरण्याआधी घरात पाहुणे कोण बसलेत ते विचारायचं.

जोत्याच्या तपासणीला गेले तेव्हा हौसाबाई नव्या जोत्यावर उभ्या होत्या. कुठं ओटा, कुठं न्हाणी, ते पायानं दाखवत होत्या. दत्ताचं विचारलं. बघतोय म्हणाल्या.

"त्या दौंडवाल्यांचा मला राग न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "त्यांचं सोताचं घर हाय. ज्याला हाय त्याला न्हाई म्हंजी काय ते कसं कळावं?"

मी टेप धरून जोत्याची लांबी पुन्हा एकदा मोजली. ती बरोबर होती.

नव्या सर्व्हेअरना मी अजून ट्रेनिंग देते. त्यात गोपनीयतेची एक स्लाइड असते. पूर्वी मी ती अर्ध्या मिनिटात पुढे ढकलत असे. आता तिथे थांबून सांगते की टॅबमधली माहिती फुटू नये म्हणून कंपनी पासवर्ड देते. आपल्या तोंडातली फुटू नये म्हणून कंपनी काही देत नाही. त्याची सोय ज्याची त्यानं करायची, आणि तोंड बंद ठेवलं की बहुतेक वेळा कुणाचं तरी भलं अडतं.