कपाचे वळ

चिमट्यात पेटता कापूस धरून तिने तो काचेच्या कपात फिरवला, काढला आणि कप फाडकन माझ्या पाठीवर उपडा घातला, तेव्हा मी तिला रत्नागिरीकडच्या तीन अस्सल शिव्या हासडल्या. तिला काय कळणार? ती हसली आणि दुसरा कप उचलला.

बहारीनच्या जुफैर भागातल्या एका चिनी हॉटेलातल्या कुकची ती बायको. हॉटेलावरच दोन खोल्यांत राहायची. ही ऐंशी सालाच्या आगेमागची गोष्ट. मी तिथे घरी बसून ब्लाउज शिवायचे. मशिनवर वाकून वाकून उजवा खांदा असा धरला की वेणी घालता येईना. हॉस्पिटलच्या गोळ्यांनी पोट बिघडलं, खांदा होता तिथेच. मग कुणीतरी हिचा पत्ता दिला. दुखतंय खांद्यात आणि ही बया सुई खुपसते गुडघ्याखाली! "अगं, इथे दुखतंय, इथे!" मी ओरडायचे. ती सुई हळूच फिरवायची, पायात झिणझिण्या उठायच्या आणि ती म्हणायची, "हँड अप." आणि हात वर जायचा की! डोकेदुखीला अंगठ्याच्या बेचक्यात सुई, कंबरेला आणि जुन्या खोकल्याला कप. पठाण ड्रायव्हर यायचे, वसईच्या एक नर्सबाईसुद्धा गुपचूप यायच्या.

कपांनी पाठीवर वाटीएवढे जांभळे गोल उठायचे आणि आठवडाभर राहायचे. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांनी ते पाहिले आणि किंचाळल्याच. मी सगळं रंगवून सांगितलं. एक जण म्हणाली, "बाई गं, सांगितलं नाहीस तर वाटेल नवऱ्याने बडवलंय!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. आमचे हे मला न्यायला आले होते, दारातच उभे होते. तेही हसले.

खरं सांगू? हे मला लग्नापासून मारायचे. पण बेताने. डोक्यात, दंडावर, जिथे दिसणार नाही तिथे. त्या दिवसापासून ह्यांना माझी पाठ मोकळी मिळाली. हे एसी मेकॅनिक, पिकअपमध्ये रबरी नळीचे तुकडे पडलेले असायचे. आमटीत मीठ जास्त झालं, नळी. कंपनीत फोरमन बोलला, नळी. पहिल्या फटक्याला श्वासच अडकतो, ओरडायचंही सुचत नाही. पुढच्या फटक्यांना मी तोंडात पदर कोंबायचे, कारण भिंतीपलीकडे केरळी कुटुंब होतं. मग हे हात धुवायचे आणि म्हणायचे, "उद्या जाऊन कप लावून ये." स्वतः पिकअपने सोडायलाही यायचे, मेले!

आणि मी जायचे. ब्लाउजचा गळा मागून मुद्दाम खोल कापायचे, दोन गोल दिसतील एवढा. दोन गोल दिसले की पुढचं कुणी विचारत नाही. तो गळा मीच बेतला, माझ्याच कात्रीने. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या दिवशी, दुपारी, मी पुन्हा तिच्यापुढे पालथी पडले. तिने ब्लाउज वर केला. मग चिमटा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

"नो कप," ती म्हणाली. "स्किन ब्रोकन. कप मफी." मफी म्हणजे तिथल्या अरबीत नाही.

"बाजूला लाव ना गं. दोनच लाव."

"निडल, कप, फॉर सिक. यू नॉट सिक. हजबंड." तिने हवेत सपकन हात मारून दाखवला.

माझी अशी आग झाली! तिच्यावर, हो, तिच्यावरच. संध्याकाळी तीस बायकांपुढे मी कुठल्या तोंडाने जाऊ? मी उठले आणि कपांची पेटी ओढली. ती सोडेना. झटापटीत पेटी पडली आणि काचांचा खच झाला. ती जिन्यावर गेली आणि खाली पिकअपमध्ये बसलेल्या ह्यांच्यावर तिच्या भाषेत अशी कडाडली की हे धावतच वर आले. काचा पाहिल्या. एक शब्द न विचारता माझे केस धरले आणि मला भिंतीवर आपटलं. दुसऱ्यांदा आपटायला मागे ओढलं, तेव्हा माझ्या हाताला लोखंडी चिमटा लागला. मी तो ह्यांच्या कानावर हाणला. कान फाटला. रक्त मानेवरून शर्टात उतरलं.

"सोड," मी म्हणाले. "तू पुन्हा हात लावून बघ. डोळ्यात घालीन तुझ्या."

सोळा वर्षांत मी 'अहो'शिवाय बोलले नव्हते. रक्ताकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो माझ्या तोंडाकडे बघत होता. "मला तू म्हणालीस?" एवढंच बोलला आणि कान दाबून खाली गेला. पिकअप निघून गेल्याचा आवाज आला.

चिनी बाईने मला आधी पाणी दिलं, मग झाडू. दोघींनी मिळून काचा भरल्या. मी सॉरी म्हटलं, तिने नुसती मान हलवली.

टॅक्सी करून मी सरळ हळदीकुंकवाला गेले, त्याच ब्लाउजात. पासपोर्ट त्याच्या कपाटात, व्हिसा त्याच्या जिवावर. आज घरी गेले तर तो जिवंत ठेवील की नाही, देव जाणे. कुणाला तरी कळायलाच हवं होतं. यजमानीणबाई माझ्या पाठीमागून आल्या आणि हसून म्हणाल्या, "आज पुन्हा कप का गं?"

"नाही. नवऱ्याने मारलंय. नळीने."

कुणीतरी तिळगुळाचं ताट उगाच इकडचं तिकडे सरकवलं. एक जण पुटपुटली, "असं चारचौघांत बोलू नये गं."

यजमानीणबाई करंडा घेऊन माझ्यापुढे वाकल्या. कुंकू माझ्या नाकावर सांडलं. चार वर्षं मी त्यांचे ब्लाउज शिवत होते, छातीपासून कंबरेपर्यंत सगळी मापं मला तोंडपाठ होती.

"आज घरी जाऊ नकोस," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "माझे वळ पोटावर असतात."