सानिकाचे काळे फोटो

चहा घ्या आधी. कारण मी जे सांगणार आहे ते ऐकल्यावर तुम्ही विचाराल, या बाईला शिक्षिका केलं कुणी? सतरा वर्षं झाली नोकरीला. या सतरा वर्षांत माती बऱ्याचदा खाल्ली, पण एवढी, आणि तीही प्रोजेक्टरवर लावून, एकदाच!

हसू आलं तर हसा. मला मात्र अजून त्यावर नीट हसता येत नाही.

मी राहते पिंपरीत, संत तुकाराम नगरला. शाळा चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या कुंपणाला लागून. पाचवीचा वर्ग. निम्मी पोरं गावातली, निम्मी परभणी-लातूरकडून कामाला आलेल्यांची. रोज भोसरी, मोशी, चाकण असं ट्रॅफिक सोसत जायचं, तसंच परत यायचं, आणि येताना पिशवीत चाळीस वह्या. खांदा निकामी व्हायची वेळ आली होती हो!

त्यात एका प्रशिक्षणात ऐकलं, मोबाईल वापरा, पालकांचा ग्रुप करा. झालं! मला जणू साक्षात्कारच झाला. त्याच संध्याकाळी ग्रुप केला आणि वह्या तपासणं बंद. पोरांनी घरी अभ्यास करायचा, पानाचा फोटो काढायचा आणि सातच्या आत ग्रुपवर टाकायचा. मी घरी सोफ्यावर पाय पसरून तपासणार. आहे की नाही डोकं?

पहिले दोन दिवस ग्रुपवर काय आलं म्हणता? गुलाबाची फुलं. शुभ सकाळ. कुणाच्या तरी आजोबांनी गुडघेदुखीवर उपाय पाठवला. एक व्हॉइस नोट आली, 'बाई, मी...' एवढं ऐकू आलं आणि मागे कुकरची शिट्टी. पुढचं कोण ऐकतंय? उडवली.

मग मी नियम केले. मला नियम फार आवडतात, लपवत नाही. पहिला नियम, ग्रुपवर फक्त फोटो. मेसेज नाही, व्हॉइस नोट नाही, दिसली की न ऐकता उडवणार. दुसरा, फोटो नाही म्हणजे अभ्यास नाही. आणि तिसरा माझा लाडका, कारणं सांगायची नाहीत.

आमच्या शाळेत मोरे सर आहेत, इथलेच, खेड तालुक्यातले. निवृत्तीला आलेत. ते अजून लाल पेन घेऊन वह्यांच्या गठ्ठ्यामागे बसतात. मी म्हटलं, "सर, काळ बदलला. कसले गठ्ठे उचलता?"

"व्हय ओ बाई," ते म्हणाले. "पर वहीला रेंज लागत न्हाई."

मी हसण्यावारी नेलं.

आता सानिका. पहिल्या बाकावरची. वडील एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला, मूळचे परभणीकडचे. पोरगी हुशार, बोलणं कमी. त्या वर्षी आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळा मिळून जे केंद्र असतं त्यात, शिष्यवृत्ती परीक्षेसाठी शनिवारचे फुकट वर्ग सुरू होणार होते. प्रत्येक शाळेतून पाच मुलं. माझ्या यादीत सानिकाचं नाव पहिलं होतं. बाहेर क्लास लावणं त्या घराला जमणारं नव्हतं, तिच्यासाठी ही एकच वाट होती. आणि हे मला चांगलं ठाऊक होतं. म्हणून सांगते, पुढचं ऐकून माझी कीव करू नका.

नियम लागू झाले त्या संध्याकाळी सानिकाचा फोटो आला. काळा. नुसता काळा, तव्याच्या बुडासारखा! मला वाटलं, चुकून आला असेल. दुसऱ्या दिवशी काळा. तिसऱ्या दिवशी काळा. वेळ मात्र बरोब्बर, साडेसहा.

वर्गात उभं केलं तिला. "सानिका, काय पाठवतेस हे?"

"फोटो, बाई."

"त्यात काही दिसतंय का?"

"न्हाई." तिनं मान खाली घातली. "पण बाई, ते पप्पाच्या फोनला..."

"तिसरा नियम काय आहे?"

"कारणं सांगायची न्हाईत."

"मग?"

तिनं दप्तरातून वही काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली. "बाई, वही बघता का? सगळं लिवलंय."

आणि मी, सतरा वर्षं नोकरी झालेली मी, काय म्हणाले असेन? "वही नको. ग्रुपवर टाक!"

अहो, वही माझ्यापासून वीतभर अंतरावर होती! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना? इथं त्या लेकरानं कळसा आणून माझ्या काखेत दिला होता आणि मी तो परत केला.

माझी समजूत पक्की झाली की ही लबाडी आहे. कॅमेऱ्यावर बोट ठेवते आणि अभ्यास टाळते. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण नाही! मी तो काळा फोटो केंद्रातल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. सानिकाचं नाव नाही घातलं, तेवढी अक्कल होती. खाली लिहिलं, 'मुलांच्या नव्या युक्त्या. सावध राहा.'

धडाधड अंगठे आले. आमचे केंद्रप्रमुख, या सगळ्या शाळांवर देखरेख ठेवणारे साहेब, त्यांनी लिहिलं, 'फारच मोलाचं निरीक्षण!' आता एवढे अंगठे मिळाल्यावर माणूस फुगणार नाही तर काय? साहेबांनी मला केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत बोलायलाच बोलावलं. विषय, अध्यापनात मोबाईलचा वापर.

मी नवी साडी नेसून गेले. प्रोजेक्टरवर तो काळा फोटो लावला. सगळ्यांना वाटलं प्रोजेक्टर बंद पडला. शिपाई उठून वायर हलवायला लागला.

"बंद नाहीये!" मी माईकवरून म्हटलं. "हाच तर पुरावा आहे!"

टाळ्या पडल्या. माझे तिन्ही नियम साहेबांनी तिथल्या तिथे सगळ्या शाळांना लागू केले, आणि शिक्षकांच्या ग्रुपलासुद्धा. मी अभिमानानं मान डोलावली. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

यादी पाठवायचा दिवस आला आणि मी सानिकाचं नाव खोडलं. तिच्या जागी यशचं घातलं. त्याचे फोटो रोज यायचे, अक्षर मोत्यासारखं. मोरे सरांनी यादी बघितली, चष्मा कपाळावर घेतला. "बाई, ते अक्षर यशच्या आईचं हाय. माझीच विद्यार्थिनी व्हती ती."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सानिकाला सांगितलं, तुझं नाव नाही. ती रडली नाही. "बरं, बाई," म्हणाली आणि खाली बसली. त्या संध्याकाळी साडेसहाला तिचा काळा फोटो आला. दुसऱ्या दिवशीही आला. ज्याच्यासाठी करायचं तेच हातातून गेलं, तरी पोरगी रोज फोटो पाठवतेय, हे बघून मला काही सुचायला हवं होतं की नको? नाही सुचलं.

आठवड्याभरात आमची क्षेत्रभेट ठरली. एका कंपनीनं मुलांना मशिनं बघायला बोलावलं होतं. गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या काकांनी माझा फोन मागून घेतला, मागच्या कॅमेऱ्यावर लाल स्टिकर चिकटवलं आणि नखानं घट्ट दाबलं. "आत फोटोला मनाई हाय, मॅडम." मी फोन पर्समध्ये टाकला आणि स्टिकरही डोक्यातून गेलं.

दीड तास मशिनं बघितली. कंपनीनं पोरांना वडापाव दिला. बाहेर आल्यावर मी सगळ्यांना गेटसमोर रांगेत उभं केलं. भेट झाली याचा फोटो केंद्राच्या ग्रुपवर नको का जायला? ऊन रणरणत होतं, चकाकीमुळे स्क्रीनच्या काचेत माझंच तोंड दिसत होतं. मी अंदाजानं सहा फोटो काढले. "हसा रे!" म्हटलं तर पोरं नेहमीपेक्षा जास्तच हसत होती. मला वाटलं, वडापावाचा गुण. न बघता सहाही पाठवून दिले, 'आजची यशस्वी क्षेत्रभेट.'

मिनिटाभरात साहेबांचं उत्तर. 'गायकवाड बाई, सहाही फोटो काळे आहेत. फोटो नाही म्हणजे भेट नाही.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "फोनच बिघडला मेला! नाहीतर हे नेटवर्क! या कंपन्यांच्या भागात कधी म्हणून रेंज मिळत नाही, आणि हे ऊन..." किती कारणं झाली? मोजा तुम्हीच.

रांगेतून सानिका पुढं आली. हसत नव्हती ती एकटीच. हळूच म्हणाली, "बाई, फोन न्हाई बिघडला. स्टिकर ऱ्हायलंय."

मी फोन उलटा केला. लाल स्टिकर.

"पप्पाच्या फोनला बी असतंय," ती म्हणाली. "काढलं की दुसऱ्या दिवशी परत लावायला लाइनीत उभं ऱ्हावं लागतंय. लई मोठी लाइन असती. पंचिंगला उशीर झाला की ठेकेदार अर्धा दिवस कापतो. म्हणून पप्पा काढूच देत न्हाईत."

माझे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत आयुष्यभर कामाला होते. गेटवर दोन मिनिटं उशीर झाला तर त्या दिवशी घरात काय वातावरण असायचं, ते बघतच मी मोठी झाले. मला हे कुणी समजावून सांगायची वेळ यावी? मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी तोंड गप्प बसेल तर शपथ. "अगं, मग आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की, बाई. व्हॉइस नोटमधी."

कुकरची शिट्टी! 'बाई, मी...' च्या पुढे हे सगळं होतं.

"मग तुमी म्हणलाव, फोटो न्हाई म्हंजी अभ्यास न्हाई," ती म्हणाली. "पप्पा म्हणले, काळा तर काळा, टाक. बाईचा नियम हाय."

शाळेत परत आल्याबरोबर मी तिची वही मागितली. तिनं दिली, जराही आढेवेढे न घेता. रोजची तारीख. रोजचा अभ्यास. गणितं बरोबर, आणि चुकलेली पुन्हा सोडवलेली. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं, 'फोटो टाकला.' ते वाचल्यावर मला रडू आवरलं नाही. वर्गासमोर रडले मी, लाज वाटायची ती आधीच वाटून झाली होती.

"सानिका, बाईंचं चुकलं गं," मी म्हटलं.

"असू द्या," ती म्हणाली.

लाल पेन माझ्याकडे होतं कुठं? मोरे सरांकडे मागितलं. त्यांनी खिशातून काढून दिलं.

पण नुसत्या रडण्यानं यादी बदलत नाही. वर्ग त्याच शनिवारी सुरू होणार होते. मी साहेबांना फोन लावला, ते बैठकीत, उचलेनात. टाइप करायला घेतलं तर संपेचना. मग फोन तोंडाशी धरून केंद्राच्या ग्रुपवरच बोलले. चार मिनिटं बोलले! स्टिकर सांगितलं, तो प्रोजेक्टरवरचा पुरावा कसला होता ते सांगितलं, माझे नियम मूर्खपणाचे होते हेही सगळ्यांसमोर कबूल केलं. यशचं नाव काढू नका, त्या लेकराचा काय दोष, पण सानिकाला सहावी म्हणून घ्या, अशी हात जोडून विनंती केली. पाठवलं आणि जरा हलकं वाटलं.

अर्ध्या मिनिटात ते गायब! खाली साहेबांची ओळ, 'बाई, पहिला नियम. ग्रुपवर फक्त फोटो.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिच्या वडिलांना विचारून सानिकाला बरोबर घेतलं आणि वही घेऊन थेट केंद्रप्रमुखांच्या खोलीत जाऊन उभी राहिले. फोन पर्समधून काढलाच नाही. वही टेबलावर ठेवली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

साहेब आधी शिक्षकच होते. वही हातात आल्यावर त्यांनी ती नीट बघितली, एकेक पान उलटून. तळाच्या त्या ओळीवर दोनदा बोट फिरवलं. मग यादी पुढं ओढली आणि स्वतःच्या हातानं सहावं नाव लिहिलं. सानिकाला म्हणाले, "शनिवारी दहाला ये, बाळा. वही आण."

माझा जीव भांड्यात पडला. पण साहेब माझ्याकडे वळले तेव्हा चांगलेच चिडलेले होते. "काय हो गायकवाड बाई? एवढं सगळं माहीत होतं तर मला कालच सांगितलं का नाही?"

मी तोंड उघडलं, आणि आपोआप निघून गेलं, "सांगितलं होतं की, साहेब. व्हॉइस नोटमध्ये."

मागं खुदकन आवाज आला. वळून बघितलं तर सानिका तोंडावर दोन्ही हात धरून हसत होती.