ताडपत्रीचं दुसरं टोक

मे महिना सरत आला की राहात्याच्या बाजारात ती हमखास दिसते. मी कांद्यावर टाकायला ताडपत्री घेतो, ती घरावर टाकायला. नाव मी कधी विचारलं नाही. ताडपत्री उन्हापुढे धरून, एक डोळा मिटून ती बारीक भोकं शोधते. दुकानदार वैतागतो, तिला घाई नसते.

फुकटचे सल्ले देण्याची मला खोड आहे. यंदा म्हणालो, "मावशी, दरसाल हा ताप कशाला? एकदाचा स्लॅब दुरुस्त करून घ्या की."

"पैसं हायेत. पोरानं कवाच धाडल्यात," ती म्हणाली. पदरानं घाम पुसला. "पाऊस लागला की पुन्याहून त्याचा फोन येतो. आये, गळतंय का? मंग ताडपत्री टाकूनबी कुठं कुठं गळतंय ते मी सांगत बसते. त्यो म्हनतो, पातेलं ठिव. एरवी त्याला सवड नसती. गळायचंच थांबलं, तर त्यो काय इचारंल?"

गवंड्याचा नंबर द्यायला मी मोबाईल काढला होता. तो तसाच खिशात ठेवला आणि घडी घालायला ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.